हॉट टबातले पाणी गेले कोठे?

२०१५ सालच्या मे महिन्यातली गोष्ट. माझी मावसबहीण अमेरिकेत, कॅलिफोर्निया राज्याची राजधानी असलेल्या सॅक्रामेंटो शहरात राहते. वयाने मोठी, म्हणून आम्ही सगळे तिला ताई म्हणतो. एका रविवारी सकाळी तिचा फोन आला. खुशाली विचारून होताच तिने एकदम प्रश्न टाकला, “अरे, तू कॉलेजात फिजिक्स शिकवतोस ना? मग सांग बघू, आमच्या टबातलं पाणी जातं कुठे?”

हा टब म्हणजे आपल्या न्हाणीघरातला टब नव्हे, हे आधी सांगितले पाहिजे. घराच्या मागच्या अंगणात ठेवलेले ते एक मोठे टाके असते. चारपाच माणसे गळ्यापर्यंत बुडून बसू शकतील असे. आतून बसायला कट्टे केलेले असतात. खाली एक पंप आणि विजेचा हीटर असतो. पंप तेच पाणी पुन्हा पुन्हा गाळून, तापवून टाक्यात सोडतो आणि बाजूच्या भोकांतून त्याचे जोरदार फवारे अंगावर येतात. पाणी साधारण ३८ ते ४० अंश सेल्सिअस ठेवतात. ४० अंशांच्या वर नेऊ नये असा तिकडचा दंडक आहे, कारण त्यापुढे माणसाला भोवळ येण्याचा धोका असतो. तिकडे याला ‘हॉट टब’ म्हणतात. सुरुवातीचे हॉट टब कॅलिफोर्नियातच लोकांनी दारूच्या कारखान्यातली जुनी लाकडी पिंपे आणून तयार केले. फवारे सोडणारा पंप मात्र निराळ्या घरातून आला. जकूझी नावाच्या इटालियन भावंडांचा अमेरिकेत पंपांचा कारखाना होता. त्यांच्यापैकी एकाच्या लहान मुलाला संधिवाताचा त्रास होता आणि त्याला गरम पाण्याचे फवारे घरच्या घरी देता यावेत म्हणून केलेला पंप १९५६ मध्ये बाजारात आला. पुढे पिंप आणि पंप एकत्र आले. आता ही टाकी प्लॅस्टिकची, कारखान्यात बनवलेली मिळतात.

ताईने घर विकत घेतले तेव्हा असा एक टब घराबरोबरच आला होता. त्यात सुमारे १५०० लिटर पाणी मावते. आपल्या पंधरा लिटरच्या शंभर बादल्या!

एरवी या टबाची तिला फारशी चिंता नसती. परंतु ते वर्ष साधे नव्हते. कॅलिफोर्नियात पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा जवळजवळ कोरडा जातो. उन्हाळ्याला पाणी पुरते ते सिएरा नेव्हाडा पर्वतावर साठलेल्या बर्फामुळे. हिवाळ्यात पडलेले बर्फ वसंतात हळूहळू वितळते आणि नद्या, धरणे भरते. म्हणजे तो पर्वत हेच एक मोठे धरण. दर वर्षी १ एप्रिलच्या सुमारास तेथे बर्फाची जाडी मोजतात. १ एप्रिल २०१५ रोजी राज्याचे गव्हर्नर जेरी ब्राऊन स्वतः मोजणीच्या एका ठिकाणी गेले. जेथे एरवी पाच फूट बर्फ असायचे तेथे ते कोरड्या गवतावर उभे होते! त्याच दिवशी त्यांनी हुकूम काढला की राज्यातल्या शहरांनी पाण्याचा वापर पंचवीस टक्क्यांनी कमी करावा. राज्याच्या इतिहासात अशी सक्ती प्रथमच झाली.

“आणि इकडे मी दर रविवारी नळी लावून टब भरत बसते,” ताई म्हणाली. “आठवड्यात अडीच इंच पाणी खाली जातं. शेजाऱ्यांनी बघितलं तर काय म्हणतील? तिकडे लातूरला माझ्या सासरी टँकरची वाट बघतात आणि मी अंगणात पाणी ओततेय.”

अडीच इंच म्हणजे किती पाणी? हा हिशेब अगदी सोपा आहे. पाऊस मोजताना आपण मिलिमीटर वापरतो, तेच माप येथेही लावता येते. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर उंचीचे पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. ताईच्या टबाची बाजू १.८ मीटर, म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग सुमारे ३.२ चौरस मीटर. अडीच इंच म्हणजे जवळजवळ ६५ मिलिमीटर. तेव्हा आठवड्याला ६५ गुणिले ३.२, म्हणजे २०८ लिटर पाणी नाहीसे होत होते. दिवसाला दोन बादल्या!

ताईने टब दुरुस्त करणाऱ्या एकाला फोनवर विचारले होते. त्याने न बघताच निदान केले, “गळती असणार. टब पूर्ण रिकामा करावा लागेल, मग बघू.” रिकामा करायचा म्हणजे १५०० लिटर पाणी सोडून द्यायचे आणि नंतर तेवढेच पुन्हा भरायचे. गळती नसेल तर? सात आठवड्यांत गेले असते तेवढे पाणी एका दिवसात जाणार. शिवाय नवे पाणी २० अंशांपासून ४० अंशांपर्यंत तापवायला ३०,००० किलोकॅलरी, म्हणजे विजेची सुमारे ३५ युनिटे लागणार ती वेगळीच.

मी म्हटले, “ताई, थांब. आधी बादलीचा प्रयोग कर.”

हा प्रयोग पोहण्याच्या तलावांची देखभाल करणारे लोक नेहमी करतात. कल्पना अशी : टबातले पाणी दोन वाटांनी जाऊ शकते. एक, वाफ होऊन वर. दुसरी, फटीतून खाली. बादलीतले पाणी मात्र एकाच वाटेने जाऊ शकते, ते म्हणजे वाफ होऊन. कारण बादली गळत नाही हे आपल्याला ठाऊक आहे. दोन्हीतली पातळी रात्रभरात किती उतरते ते मोजायचे. सारखीच उतरली तर टब शाबूत आहे. टबातली जास्त उतरली तर तो गळतो आहे.

ताईचा मुलगा तेव्हा बारा वर्षांचा होता. त्याने काम अंगावर घेतले. ताईने लग्नानंतर इकडून नेलेली स्टीलची बादली त्याने नळाच्या पाण्याने भरली आणि टबाशेजारी फरशीवर ठेवली. दोन्हीकडे पाण्याच्या पातळीवर चिकटपट्टी लावली. टबावरचे आवरण पूर्ण काढले, फवारे बंद ठेवले. रात्री आठ ते सकाळी आठ असे बारा तास. सकाळी मला निरोप आला, “मामा, टब १० मिलिमीटर उतरला. बादली जेमतेम एक-दीड. म्हणजे गळतोय!”

मित्रहो, येथे क्षणभर थांबा आणि विचार करा. या प्रयोगात चूक कोठे आहे?

मी वर्गात हा प्रश्न विचारला तेव्हा कोणी म्हणाले बादली लहान होती, कोणी म्हणाले वारा लागला असेल. बादली लहान असण्याने बिघडत नाही, कारण आपण लिटर मोजत नाही, पातळी मोजतो. पृष्ठभाग मोठा असला तर वाफ जास्त होते, पण ती तेवढ्याच मोठ्या पृष्ठभागावरून वजा होते. चूक दुसरीच होती. टबातले पाणी ३९ अंशांवर होते आणि बादलीतले रात्रीच्या हवेत १८ अंशांपर्यंत निवले होते. गार पाणी आणि गरम पाणी यांची शर्यत लावून काय कळणार?

तापमानाने किती फरक पडतो हे जॉन डाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८०२ मध्ये सांगून ठेवले आहे. हाच तो अणुसिद्धान्ताचा डाल्टन. पाण्यातले रेणू सारखे धडपडत असतात आणि त्यांतले जे जास्त वेगवान असतात ते पृष्ठभागातून निसटून हवेत जातात. पाणी जितके गरम तितके निसटणारे अधिक. या निसटण्याच्या जोराला आपण बाष्पदाब म्हणतो. परंतु हवेतही आधीच बाष्प असते आणि त्यातले काही रेणू परत पाण्यात येऊन पडतात. जाणारे आणि येणारे यांच्यातला फरक तेवढाच खरा खर्च. म्हणून बाष्पीभवनाचा वेग पाण्याचा बाष्पदाब आणि हवेतल्या बाष्पाचा दाब यांच्या वजाबाकीच्या प्रमाणात असतो. वारा जास्त असेल तर सगळाच वेग वाढतो, ते निराळे.

आता आकडे घालू. ३९ अंशांवर पाण्याचा बाष्पदाब पाऱ्याच्या सुमारे ५२ मिलिमीटरइतका असतो. १८ अंशांवर तो १५ च्या आसपास असतो. त्या कोरड्या रात्री हवेतल्या बाष्पाचा दाब ९ धरू. टबासाठी वजाबाकी येते ४३ आणि बादलीसाठी ६. म्हणजे गळती मुळीच नसली तरी टबातले पाणी बादलीच्या सातपट वेगाने उतरणार! भाच्याच्या मोजणीत ते १० आणि एक-दीड असे निघाले होते. त्याची मोजणी अगदी चोख होती, चुकला होता तो फक्त निष्कर्ष. आमच्या प्रयोगशाळेत पदवीच्या वर्गातली मुलेही हीच चूक करतात, तेव्हा त्याला मी काहीच बोललो नाही.

दुसऱ्या रात्री बादली टबाच्या आतल्या कट्ट्यावर ठेवली. तिच्यात टबातलेच पाणी, तेही आतबाहेर पातळी सारखी येईल इतके भरले. आता बादलीच्या चहूबाजूंनी गरम पाणी होते. बादली स्टीलची असल्यामुळे उष्णता पत्र्यातून सहज आत जाणार आणि दोन्ही पाणी जवळजवळ एकाच तापमानाला राहणार. प्लॅस्टिकच्या बादलीने हे काम इतके चांगले झाले नसते. ताई मात्र कुरकुरली, “तुमच्या प्रयोगात रोज रात्री दोन बादल्या पाणी उडतंय, त्याचं काय?” तिचे खरे होते. दहा मिलिमीटर म्हणजे ३२ लिटर. पण १५०० लिटर वाचवायचे असतील तर एवढा खर्च करायलाच हवा होता.

सकाळचा निकाल : टब १० मिलिमीटर, बादली ९. उरलेल्या एका मिलिमीटरचे कारण शोधायला फार लांब जायला नको. बादलीचा काठ पाण्याच्या वर येत असल्यामुळे तिला वारा थोडा कमी लागतो, आणि वाफ होताना आतले पाणी किंचित निवते. टब गळत नव्हता. पाणी वर जात होते.

मग मी विचारले, “ताई, टबाला आवरण असतं ना? ते घालता की नाही?” तेव्हा खरी हकिकत कळली. आवरण होते, पण इतके जड झाले होते की ते उचलायला दोन माणसे लागत. म्हणून हिवाळ्यापासून अर्धा टब उघडाच राहत असे. हिशेब जुळतो का पाहा. पूर्ण उघडा टब बारा तासांत १० मिलिमीटर, म्हणजे दिवसाला २० मिलिमीटर उतरतो. अर्धा उघडा असला तर १०, म्हणजे आठवड्याला ७० मिलिमीटर. ताईचे अडीच इंच हेच!

आवरण जड का झाले, हेही समजून घेण्यासारखे आहे. ही आवरणे थर्मोकोलसारख्या फेसाळ प्लॅस्टिकच्या जाड पाट्यांची असतात आणि त्यांवर रेक्झिनसारखे कापड शिवलेले असते. पाटीभोवती एक पातळ प्लॅस्टिकचा पापुद्रा असतो, वाफ आत शिरू नये म्हणून. तो फाटला की खालची गरम वाफ पाटीत शिरते, वरच्या गार भागाशी पोहोचल्यावर तिचे पाणी होते आणि ते तेथेच अडकते. महिन्यामागून महिने हे चालले की पाटी पाण्याने जड होते. शिवाय पाणी धरलेली पाटी उष्णता अडवत नाही, कारण उष्णता अडवण्याचे काम खरे म्हणजे तिच्यातली कोंडलेली हवा करीत असते.

चांगले आवरण दोन कामे करते. झाकणाखालच्या चिंचोळ्या जागेतली हवा थोड्याच वेळात बाष्पाने संपृक्त होते. मग जितके रेणू वर जातात तितकेच परत येतात, डाल्टनची वजाबाकी शून्यावर येते. झाकणाच्या आतल्या बाजूला जमलेले थेंबही टबातच पडतात. हा झाला पाण्याचा भाग. उष्णतेचा भाग त्याहून मोठा आहे. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला १०० अंशांवर ५४० कॅलरी लागतात हे तुम्ही पुस्तकात वाचले असेल. ४० अंशांच्या आसपास त्याहून जास्त, सुमारे ५७५ कॅलरी लागतात. ही अप्रकट उष्णता टबातल्या उरलेल्या पाण्यातूनच घेतली जाते. म्हणजे एक लिटर पाणी उडून जाते तेव्हा ते ५७५ किलोकॅलरी घेऊन जाते. एवढ्या उष्णतेत जवळजवळ २९ लिटर पाणी २० अंशांवरून ४० अंशांवर आले असते! आठवड्याच्या २०८ लिटरांबरोबर सुमारे १४० युनिटे वीज आकाशात जात होती. विजेचे बिल का फुगले म्हणून ताई इतके दिवस फ्रिजला दोष देत होती.

यात एक गंमत अशी की ताईच्या सासूबाई त्या हिवाळ्यात लातूरहून तिच्याकडे राहून गेल्या होत्या. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारले होते, “अगं, एवढं तापवलेलं पाणी उघडं का ठेवता?” त्यांना बाष्पदाब ठाऊक नव्हता. पण ज्या घरात बंबातल्या पाण्याचा तांब्या-तांब्या मोजून वापरला जातो, तेथे घंगाळावर पाटी टाकायला कोणी शिकवावे लागत नाही. त्यांचे म्हणणे कोणी मनावर घेतले नाही, एवढेच.

हा परिणाम तुम्हांला घरी पाहता येईल. सारख्या मापाची दोन स्टीलची पातेली घ्या. मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली दोन्हींत दोन-दोन लिटर कढत पाणी मोजून ओता. एकावर ताटली झाका, दुसरे उघडे ठेवा. तासाभराने दोन्हींचे तापमान पाहा. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्हींतले पाणी मापाच्या भांड्याने पुन्हा मोजा. ताटलीला आतून चिकटलेले थेंब पातेल्यात झटकायला विसरू नका. वारा वाहणाऱ्या खिडकीत आणि बंद खोलीत असा दोनदा प्रयोग केला तर आणखी मजेदार आकडे मिळतील.

नवे आवरण आले, आणि आठवड्याची घट ६५ मिलिमीटरवरून १० वर आली. म्हणजे २०८ लिटरांऐवजी ३२. टब उघडून वापरतात तेव्हा फवाऱ्यांच्या खळबळीत जे उडते आणि अंगाबरोबर जे बाहेर येते तेवढेच.

परंतु जूनमध्ये एका सोमवारी भाच्याने कळवले की पातळी एका रात्रीत जवळजवळ चाळीस मिलिमीटर खाली गेली. आता मात्र खरीच गळती? मी विचारले, “काल कोण आलं होतं?” पाहुणे आले होते. चार मोठी माणसे एकदम टबात उतरली होती, आणि ताईने पाहुण्यांसाठी म्हणून टब काठापासून इंचभर खालपर्यंत भरून ठेवला होता. आता हे कोडे आर्किमिडीजवर सोपवता येईल. गळ्यापर्यंत बुडालेला माणूस सुमारे ५० लिटर पाणी बाजूला सारतो. चौघांचे झाले २०० लिटर. काठापर्यंत जागा होती इंचभर, म्हणजे ८० लिटरांची. उरलेले १२० लिटर काठावरून अंगणात गेले. माणसे बाहेर आली तेव्हा पातळी तेवढ्याने, म्हणजे ३७ मिलिमीटरने खाली दिसली. आठवडाभर झाकण घालून वाचवलेले बरेचसे पाणी दहा मिनिटांत गेले! तेव्हापासून टबाच्या आत एक खूण आहे. पंपाला पाणी खेचणारे तोंड बुडलेले राहील इतकेच पाणी, त्यावर नाही.

उडणे आणि सांडणे थांबले तरी पाणी कधीतरी बदलावेच लागते. का? वाफ होते ती शुद्ध पाण्याची, क्षार मागेच राहतात. दर आठवड्याला नळाचे पाणी घातले की त्यातले क्षारही भर पडून साठतात. समजा नळाच्या एका लिटरमध्ये २०० मिलिग्रॅम क्षार आहेत. पहिल्या दिवशी टबात ३०० ग्रॅम क्षार असतील. आठवड्याला २०८ लिटर ओतत राहिले तर तेरा आठवड्यांनी ते ८४० ग्रॅमच्या वर जातात, आठवड्याला ३२ लिटर ओतले तर ३८५ च्याही आत राहतात. म्हणजे झाकणामुळे पाणी नुसते वाचत नाही, ते जास्त दिवस टिकतेही. पण क्षारांहून अधिक त्रास होतो तो माणसांचा. घाम, अंगाचे तेल, साबण, केसांना लावलेली द्रव्ये हे सगळे पाण्यात उतरते. म्हणून पाणी किती दिवसांनी बदलावे यासाठी तिकडे एक ढोबळ सूत्र वापरतात. टबात जितके गॅलन पाणी असेल त्याला तीनाने भागायचे आणि आलेल्या संख्येला रोज टबात उतरणाऱ्या माणसांच्या संख्येने भागायचे. ताईचा टब ४०० गॅलनचा. घरातली तिघे एक दिवसाआड उतरतात, म्हणजे रोजचे सरासरी दीड माणूस. उत्तर येते ८९ दिवस. अंगाला साबण लावलेला असेल किंवा पोहण्याचे कपडे धुताना त्यांत साबण राहून गेला असेल, तर फवारे सुरू होताच फेस येतो आणि हे दिवस आणखी कमी होतात.

या बाबतीत जपानी लोकांचे शहाणपण मला फार आवडते. तेथे घरोघर ‘फुरो’ नावाचा खोल टब असतो, बहुधा दोनशे लिटरांच्या आसपासचा. पण टबात कोणी अंग धुवत नाही! टबाबाहेर छोट्या चौरंगावर बसून साबण लावून, अंग पूर्ण धुऊन मग टबात शिरतात, फक्त शेकण्यासाठी. त्यामुळे तेच पाणी घरातली सगळी माणसे एकामागून एक वापरतात. एक जण बाहेर आला की टबावर गुंडाळीचे झाकण पसरतात. आणि दुसऱ्या दिवशी पुष्कळ घरांत ते उरलेले कोमट पाणी छोट्या पंपाने कपडे धुण्याच्या यंत्रात घेतात. शेवटची खळबळणी तेवढी ताज्या पाण्याने. ताईच्या घरी आता टबात उतरण्यापूर्वी साध्या पाण्याने अंग धुण्याचा नियम झाला आहे. त्याला थोडे पाणी लागते, पण टबाचे आयुष्य वाढते.

भाच्याने मग विचारले, “मामा, तर मग पाणी बदलायचंच नाही, नुसतं गाळत राहायचं, असं केलं तर?” याचे उत्तर मी जरा कडक दिले, कारण काटकसरीच्या नादात येथे जीव जाऊ शकतो. १९७६ मध्ये फिलाडेल्फिया शहरात माजी सैनिकांच्या एका मेळाव्यानंतर अनेक जण न्यूमोनियासारख्या तापाने दगावले. पुढे त्याचे जंतू सापडले आणि त्यांना लीजिओनेला हे नाव मिळाले. हे जंतू कोमट पाण्यात फोफावतात, आणि टबातले पाणी नेमके तसेच असते. १९९९ मध्ये नेदरलँड्समधील बोव्हनकारस्पेल या गावी फुलांचे मोठे प्रदर्शन भरले होते. तेथे विक्रीसाठी मांडलेल्या एका टबात पाणी भरून फवारे चालू ठेवले होते. त्यात कोणी अंघोळ करीत नव्हते, लोक नुसते जवळून जात होते. तरीही या रोगाने तीसहून अधिक माणसे मेली. असे कसे झाले? बुडबुडा पृष्ठभागावर येऊन फुटतो तेव्हा त्याच्या पापुद्र्याचे अतिसूक्ष्म तुषार हवेत उडतात. ते इतके हलके असतात की श्वासाबरोबर थेट फुप्फुसात जातात. म्हणून टबाच्या पाण्यात क्लोरीन हवेच. लिटरमागे निदान ३ मिलिग्रॅम, म्हणजे ताईच्या अख्ख्या टबात अवघे साडेचार ग्रॅम. पण ते रोज तपासावे लागते, कारण गरम पाण्यात क्लोरीन लवकर संपते. पाणी वाचवायचे ते झाकणाने वाचवावे, क्लोरीन वाचवून किंवा कुजलेले पाणी ठेवून नव्हे. आणि जेथे पिण्याच्या पाण्याचीच ददात आहे तेथे असले टाके बांधूच नये असे माझे मत आहे. ते ताईला पटले नाही, तो भाग वेगळा.

ऑगस्टमध्ये पाणी बदलण्याचा दिवस आला. ते रस्त्याकडेच्या गटारात सोडायचे नाही, कारण पावसाचे पाणी वाहून नेणारी तिकडची गटारे सरळ नदीला मिळतात आणि क्लोरीन माशांना मारते. झाडांना घालावे तर क्लोरीन त्यांनाही सोसत नाही. यावर उपाय मात्र फुकटचा आहे. हीटर बंद केला, क्लोरीन घालणे थांबवले आणि दिवसा आवरण काढून ठेवले. सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांनी पाण्यातल्या क्लोरीनचे विघटन होते. एरवी आवरण काढायचे नाही म्हणून दटावणारा मी, या वेळी मीच काढायला सांगितले! पाणी गार झालेले असल्यामुळे आता बाष्पीभवनाने फारसे जाणार नव्हते. भाचा रोज संध्याकाळी चाचणीची कागदी पट्टी बुडवून रंग पाहत असे. चौथ्या दिवशी पट्टीवर क्लोरीनचा रंग उमटला नाही.

आता प्रश्न होता कोणत्या झाडांना घालायचे. ताईच्या मनात लिंबाचे झाड होते. मी नको म्हटले. लिंबाच्या जातीला खारे पाणी मानवत नाही, आणि या पाण्यात क्षार नळाच्या पाण्याहून जास्त होते. भाजीच्या वाफ्यालाही नको. कुंपणाला मात्र कण्हेर होती, आपल्याकडे देवळापुढे असते तीच. कॅलिफोर्नियात ती हमरस्त्यांच्या मधोमध मैलोन् मैल लावलेली दिसते, कारण ती दुष्काळ आणि खारटपणा दोन्ही सोसते. अंगणाला उतार कुंपणाकडेच होता. म्हणून पंपाचीही गरज पडली नाही. भाच्याने बागेतली नळी पाण्याने पूर्ण भरून घेतली, दोन्ही टोके अंगठ्याने दाबून एक टोक टबात बुडवले, दुसरे उतारावर खाली नेऊन सोडले आणि सायफनने पाणी आपोआप वाहू लागले. एकाच जागी चिखल होऊ नये म्हणून दर दहा मिनिटांनी त्याने नळी पुढच्या झाडाशी सरकवली. १५०० लिटर संपायला संध्याकाळ झाली. टबाच्या तळाशी नळीचे टोक पोहोचेना, तेव्हा शेवटचे पाणी त्याने त्याच स्टीलच्या बादलीने काढले.